एअर फोर्क की स्प्रिंग फोर्क? उखडलेल्या ट्रॅकसाठी बाइक निवडताना

मोटोक्रॉसची बाइक घेताना बहुतेक जण इंजिन आणि किंमत बघतात. फोर्ककडे, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के पचवणाऱ्या दोन नळ्यांकडे, लक्ष जातं ते मनगटं दुखायला लागली की. हा प्रश्न आधीच सोडवलेला बरा, कारण आता आपल्याकडच्या शोरूममध्येही दोन्ही पर्याय उभे आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केटीएमने २५० एसएक्स-एफ आणि ४५० एसएक्स-एफ अधिकृतपणे भारतात आणल्या. दोन्हींना पुढे डब्ल्यूपी या सस्पेंशन कंपनीचा एअर फोर्क आहे. कावासाकीच्या केएक्स २५० आणि केएक्स ४५० इथे आधीपासून मिळतात आणि त्यांच्या फोर्कमध्ये पोलादी स्प्रिंग आहे. केटीएमने त्याच वेळी आणलेल्या ३५० ईएक्ससी-एफ या एन्ड्युरो बाइकला मात्र स्प्रिंगचाच फोर्क दिला. म्हणजे एकाच कंपनीने ट्रॅकच्या बाइकला हवा निवडली आणि रानावनात फिरणाऱ्या बाइकला स्प्रिंग. त्यामागची कारणं कळली की तुमची निवड निम्मी झालीच म्हणून समजा.

आत काय चालतं

स्प्रिंग फोर्कचा हिशेब सरळ आहे. ४५० सीसीच्या बाइकवर फोर्कच्या प्रत्येक पायात, म्हणजे नळीत, साधारण ५ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग असते. दर मिलिमीटर दाबायला तेवढाच जोर आणखी लागतो, सुरुवातीलाही आणि मध्यावरही. शेवटच्या टप्प्यात तेलाच्या वर अडकलेली हवा थोडी मदत करते.

एअर फोर्कमध्ये स्प्रिंगचं काम कोंडलेली हवा करते. हवेची जागा निम्मी झाली की दाब दुप्पट होतो, त्यामुळे फोर्क जितका आत जाईल तितका झपाट्याने कडक होत जातो. मोठ्या उडीनंतर जमिनीवर आदळताना हा गुण फार कामाचा आहे. सुरुवातीला मात्र अडचण येते. पूर्ण ताणलेल्या फोर्कमध्येही हवा जोरात बाहेर ढकलत असते, त्यामुळे पहिले काही मिलिमीटर हलायलाच तो नाखूश असतो. हे टाळायला डब्ल्यूपीच्या एईआर रचनेत निगेटिव्ह चेंबर दिला आहे. तो उलट्या दिशेने ढकलतो आणि पंपाने हवा भरताना आपोआप समतोल साधतो. डाव्या पायात हवा, उजव्या पायात डॅम्पिंग (तेलाने हालचालीचा वेग आवरणं), अशी कामाची वाटणी आहे. तरीही उच्च दाब कोंडून धरायचा म्हणजे सील घट्ट लागतात, आणि घट्ट सील म्हणजे घर्षण. छोट्या, तुटक खळग्यांवर हाताला बसणारी ती बारीक खरखर बऱ्याच अंशी या घर्षणाची असते.

जपानी कंपन्या का फिरल्या

२०१३ च्या होंडा सीआरएफ४५०आर आणि कावासाकी केएक्स४५०एफ या दोन्ही बाइकवर केवायबी या जपानी सस्पेंशन कंपनीचा एअर फोर्क आला. २०१५ मध्ये कावासाकी आणि सुझुकीने आपल्या ४५० बाइकना शोवा या दुसऱ्या सस्पेंशन कंपनीचा एअर फोर्क बसवला. त्यात तीन वेगळे कप्पे आणि तीन वेगळे दाब. कागदावर उत्तम, पण शनिवार-रविवार चालवणाऱ्या माणसाला तीन दाबांचं गणित दर वेळी जुळवणं जड गेलं. होंडा ४५० वर २०१७ ला स्प्रिंगकडे परतली, सुझुकी २०१८ ला, कावासाकी २०१९ ला. यामाहा तर आपल्या मोठ्या मोटोक्रॉस बाइकवर केवायबीची स्प्रिंग सोडून कुठे गेलीच नाही. आजही पुष्कळ चालक त्या फोर्कला उखडलेल्या ट्रॅकसाठीचा मापदंड मानतात, आणि ते मला पटतं.

केटीएम, हुस्कवर्ना आणि गॅसगॅस हवेवर टिकून राहिल्या. एक कारण वजनाचं: स्प्रिंग काढल्यामुळे दीडेक किलो कमी होतं, तेही बाइकच्या पुढच्या टोकावरून. दुसरं, त्यांच्या रचनेत एकच व्हॉल्व्ह आहे. तीन कप्प्यांच्या फोर्कबद्दल ऐकलेल्या सगळ्या तक्रारी या फोर्कला लावू नका.

खराब जमिनीवर दोघांची तुलना

सकाळी नांगरून, पाणी मारून तयार केलेला ट्रॅक आणि दुपारी चारचा ट्रॅक या दोन वेगळ्या जागा असतात. वळणाआधी ब्रेकिंग बम्प्सची, म्हणजे ब्रेक लावून लावून उठलेल्या उंचवट्यांची, रांग पडते, वळणात खोल रट (चाकांच्या चऱ्या) तयार होतात, आणि मुरुमाच्या जागेवर खालचे दगड उघडे पडतात. आपल्याकडची काळी माती वाळली की ढेकळांच्या कडा विटेसारख्या कडक होतात. अशा चौकोनी कडांवर स्प्रिंगचा फोर्क जास्त समजूतदार वागतो. सुरुवातीची हालचाल मोकळी असते आणि प्रत्येक फेरीत तो सारखाच वागतो.

हा सारखेपणा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. हवा तापमानाबरोबर बदलते, स्प्रिंग जवळजवळ बदलत नाही. फेब्रुवारीतलं पुणं घ्या: सकाळी १५ अंश, दुपारी ३३. सकाळी सावलीत १०.७ बार (बार हे दाबाचं माप) भरले आणि पुन्हा पाहिलंच नाही, तर नुसत्या हवामानानेच दुपारी गेज ११.४ च्या आसपास दाखवेल. पंपाने आपण एका वेळी ०.२ बार बदलतो. म्हणजे न सांगता तीनहून जास्त पायऱ्या चढल्या. निगेटिव्ह चेंबरचा दाबही सोबत वाढतो, त्यामुळे सगळी वाढ हाताला जाणवत नाही, पण पुढचा भाग उंच आणि ताठ झालेला कळतो. एरवी ट्रॅकवर सलग चालवतानाही फोर्क तापतोच.

दुसऱ्या बाजूने, चालकाच्या वजनाशी जुळवून घेण्यात हवेला तोड नाही. साठ किलोच्या मुलाने चालवलेली बाइक नव्वद किलोच्या काकांना द्यायची असेल तर एअर फोर्कला पंप आणि दोन मिनिटं लागतात. (मागच्या शॉकअपची स्प्रिंग तरीही बदलावी लागेल, हे विसरू नका.) स्प्रिंग फोर्कमध्ये दोन नव्या स्प्रिंग मागवायच्या, फोर्क खोलायचा, तेल भरायचं. योग्य स्प्रिंग परदेशातून यायला लागली तर महिना सहज जातो.

एअर फोर्क घेतलाच तर: खडबडीत ट्रॅकसाठी जुळवणी

आधी मागची बाजू. चालकासह सॅग, म्हणजे चालक बसल्यावर मागची बाजू किती खाली बसते ते, मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे, साधारण १०० ते १०५ मिलिमीटर, बसवून घ्या. मागचं टोक चुकलेलं असताना पुढच्या फोर्कचे स्क्रू कितीही क्लिक फिरवले तरी उत्तर सापडत नाही.

मग बाइक स्टँडवर, पुढचं चाक हवेत, फोर्क थंड. मॅन्युअलमध्ये वजनानुसार दाबाचा तक्ता असतो, त्यातला आकडा घ्या. एसएक्स-एफवर हा आकडा १० बारच्या वर-खाली, म्हणजे दीडशे पीएसआयच्या घरात असतो. इथे पेट्रोल पंपावरची टायरची हवा चालत नाही आणि वापरूही नये. फोर्कचा खास हातपंपच हवा, शक्यतो डिजिटल गेजचा. पंप काढताना होणारा फुस्स आवाज मुख्यतः पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. पण गेज परत जोडला की नळी भरायला फोर्कमधली थोडी हवा जाते आणि आकडा कमी दिसतो. तो पाहून लोक उगाच घाबरतात. दोन्ही पायांचे ब्लीड स्क्रू उघडून वर साठलेला दाब सोडा. हे काम स्प्रिंग फोर्कलाही करायचं असतं, आणि मुंबईहून महाबळेश्वरसारख्या उंचीवर गेलात तर हमखास करा.

फोर्कच्या नळीवर रबरी रिंग किंवा सैलसर झिपटाय बांधा. चार-पाच फेऱ्या पूर्ण जोराने मारा आणि रिंग कुठे सरकली ते मोजा. फोर्कची पूर्ण चाल, म्हणजे तो एकूण जितका दबू शकतो ते अंतर, ३०० मिलिमीटरच्या थोडी वर आहे. ट्रॅकवरच्या सगळ्यात मोठ्या आदळण्यात शेवटचे दोनेक सेंटिमीटर उरले तर दाब ठीक आहे. पाच सेंटिमीटर कोरे राहिले तर ०.२ बार कमी करा. दर फेरीत ठणकन तळाला लागत असेल तर ०.२ वाढवा. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहून ठेवायचा.

इथे बहुतेकांची गल्लत होते. हात दुखतात, फोर्क कडक वाटतो, म्हणून हवा सोडतात. पण हवा कमी असली तरी फोर्क कडकच वाटतो, कारण तो खाली बसून आपल्या चालीच्या कडक भागात काम करत राहतो. छोटा खळगाही मग भिंतीसारखा लागतो. लक्षण एक, कारणं दोन, आणि इलाज अगदी उलटे. रिंग काय सांगते ते पाहा. सोबत बाइकचं वागणं पाहा. दाब जास्त असेल तर पुढचा भाग उंच राहतो आणि वळणात बाइक बाहेर पळते. दाब कमी असेल तर ब्रेक लावताच नाक खाली जातं आणि सरळ रस्त्यावर वेगात हँडल थरथरतं.

दाब बसल्यावरच क्लिकर, म्हणजे डॅम्पिंग बदलायचे स्क्रू. कॉम्प्रेशन म्हणजे फोर्क दबतानाचा विरोध, रिबाउंड म्हणजे परत वर येतानाचा. कॉम्प्रेशनचा उजव्या पायाच्या वर, रिबाउंडचा त्याच पायाच्या खाली. पूर्ण घट्ट करून तिथून उलटे क्लिक मोजायचे. ब्रेकिंग बम्प्सच्या रांगेत पहिले दोन उंचवटे सोपे जातात आणि नंतर फोर्क आखडत जातो, असं होत असेल तर रिबाउंड मंद आहे. प्रत्येक आघातानंतर फोर्क पूर्ण वर यायच्या आत पुढचा आघात येतो आणि तो खाली-खाली दबत जातो. रिबाउंड दोन क्लिक मोकळा करा. प्रत्येक कडेवर हाताला तीक्ष्ण टोचणी जाणवत असेल तर कॉम्प्रेशन दोन क्लिक मोकळं करा. सुपरक्रॉसच्या, म्हणजे स्टेडियममध्ये बांधलेल्या ट्रॅकवरच्या शर्यतींच्या, सेटिंगची नक्कल मात्र करू नका. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीत इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. तसल्या उड्या आणि व्हूप्ससाठी (एकामागोमाग एक बांधलेल्या उंचवट्यांसाठी) फोर्क मुद्दाम ताठ ठेवतात. तो फोर्क मुरुमाच्या उखडलेल्या ट्रॅकवर तासाभरात हात बधिर करेल.

दुपारच्या सत्राआधी गेज पुन्हा लावा आणि सकाळच्या आकड्यावर आणा. एअर फोर्कबद्दलच्या निम्म्या तक्रारी या एका सवयीने मिटतील, असं माझं ठाम मत आहे.

देखभाल आणि खर्च

स्प्रिंग फोर्कचं तेल-सील बदलणं कोणताही जाणता मेकॅनिक करतो. ऑइल सील गळला तर तेल खाली ओघळतं, ब्रेक जपावा लागतो, पण बाइक चालत राहते. एअर फोर्कचा हवेचा सील गेला तर पुढची स्प्रिंगच गेल्यासारखं होतं, आणि उडीच्या मधोमध ते कळणं धोक्याचं आहे. म्हणून धुळीच्या दिवसात प्रत्येक धुण्यानंतर डस्ट सील साफ करणं आणि फोर्कची सर्व्हिस तास मोजून वेळेवर करणं इथे ऐच्छिक राहत नाही. एअर फोर्कमध्ये स्प्रिंग बसवायची कन्व्हर्जन किट मिळतात, पण त्या स्वस्त नसतात. दाब आणि रिबाउंड नीट बसवून काही आठवडे चालवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

मग कोणी काय घ्यावं

मुलांच्या बाबतीत मला शंकाच नाही. केटीएमच्या ६५ एसएक्स आणि ८५ एसएक्सना एअर फोर्क आहे, आणि वर्षात सात-आठ किलो वाढणाऱ्या मुलासाठी तो वरदान आहे. आई-बाबांनी पंप वापरायला शिकावं, एवढंच.

बांधीव ट्रॅकवर शर्यती खेळणारा, वही ठेवणारा, दर सत्राआधी दाब तपासायची शिस्त असलेला चालक एअर फोर्कमधून स्प्रिंगपेक्षा जास्त काढू शकतो. हलकं नाक आणि मोठ्या उड्यांवरचा आधार त्याच्या उपयोगी पडतो. एक बाइक दोघा-तिघांत असेल तरी हवाच बरी.

एकटे चालवता, वजन स्थिर आहे, जमीन दगडगोट्यांची आणि उन्हाने भाजलेली आहे, जवळ फोर्कचा जाणकार नाही, आणि गाडीवरून उतरवली की थेट किक मारायची सवय आहे, तर स्प्रिंगचा फोर्क घ्या. आपल्या वजनाची स्प्रिंग एकदाच बसवून घ्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी चालकांना मी हेच सांगेन.

जुनी एअर फोर्कची बाइक बघायला जाणार असाल तर पंप सोबत न्या. मालकाला आदल्या संध्याकाळी मॅन्युअलच्या दाबावर हवा भरून ठेवायला सांगा आणि दुसऱ्या सकाळी स्वतः गेज लावा. रात्रीच्या गारव्याने आणि गेजच्या नळीने अर्ध्या-पाऊण बारची घट दिसू शकते, ती धरू नका. त्याहून बरीच जास्त असेल तर सील गेलाय, आणि तो खर्च किमतीतून वजा करूनच बोलणी करा. नळीच्या चकचकीत भागावर नख फिरवा. कुठेही खरचटलेलं लागलं तर नवे सीलही तिथे टिकणार नाहीत.