फास्टॅगच्या बनावट वार्षिक पासने घातलेला तीन हजारांचा गंडा

फास्टॅगचा वार्षिक पास काढून देतो म्हणून मला तीन हजारांना फसवलं गेलं. रक्कम गेली तर गेली, पण ज्या सफाईने हे सगळं जमवलं होतं ती पाहून गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाला सांगावंसं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

ज्यांनी हा पास घेतलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. राष्ट्रीय महामार्गांवरचा टोल एकदाच भरून ठेवायची ही सोय १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप, व्हॅनसाठी सुरू झाली. सुरुवातीला दर ठेवला ३००० रुपये. त्यात एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. साधा नाका एकदा ओलांडला की एक फेरी, परत येताना दुसरी. आमचं नवी मुंबईहून साताऱ्याला सतत जाणं-येणं. खेड शिवापूर आणि आनेवाडी हे दोन्ही नाके जाताना लागतात, येतानाही लागतात. हिशोब केला तर पास फायद्याचाच होता.

फोनवर शोधलं आणि सगळ्यात वर आलेलं पान उघडलं. ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात होती, हे नंतर नीट बघितल्यावर कळलं. ‘जाहिरात’ हा शब्द तिथे इतका बारीक असतो की शोधूनच काढावा लागतो. पान अगदी सरकारी थाटाचं. वर अशोकस्तंभ, खाली महामार्गाचा फोटो, सूचनांची सरकती पट्टी, आणि खऱ्या सरकारी पानावर असतात तशा मराठीच्या दोन-चार चुकासुद्धा. गाडीचा नंबर टाकला, तर लगेच गाडीचं मॉडेल, इंधनाचा प्रकार, आरटीओचं नाव आणि माझ्या नावाची पहिली काही अक्षरं समोर. बाकीच्या अक्षरांवर फुल्या. माणसाचा विश्वास बसतो तो इथे. आपली गाडी यांना माहीत आहे म्हणजे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचेच लोक, असंच कोणालाही वाटणार. प्रत्यक्षात गाडीच्या नंबरवरून एवढी माहिती दाखवणारी ॲप ढिगाने आहेत. ती माहिती कोणीही उचलून आपल्या पानावर चिकटवू शकतो.

पुढे क्यूआर कोड आला. स्कॅन केल्यावर यूपीआयच्या पडद्यावर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं ते कुठल्यातरी ‘एंटरप्रायझेस’चं. पिन टाकायच्या आधी तीन-चार सेकंद ते नाव डोळ्यांसमोर असतं. हे नाव वाचाच. सगळ्या प्रकारात खोटं बोलता न आलेली जागा तेवढी एकच होती. बाकी पान, रंग, चिन्हं, पावती सगळं बनवता येतं. पैसे गेल्यावर पीडीएफ पावती आली. तिच्यावर गाडीचा नंबर, ‘शिल्लक फेऱ्या: २००’ आणि मदतीसाठी एक मोबाईल नंबर.

यानंतर आम्ही साताऱ्याला निघालो ते काही दिवसांनी. एक्सप्रेसवेवर टोलचे पैसे कापल्याचा मेसेज आला. पास असताना पैसे कसे कापले, म्हणून पावतीवरच्या नंबरवर फोन लावला. पलीकडचा माणूस हिंदीत, अत्यंत अदबीने म्हणाला, की साहेब, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे आहे, तिथे हा पास चालत नाही, समृद्धीवरही चालत नाही. पास फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेवर चालतो. आणि हे शंभर टक्के खरं आहे! पेपरातही आलं होतं. बायको म्हणाली, बघ, किती व्यवस्थित समजावून सांगितलं. खोटा पास विकणाऱ्याने नियम मात्र अचूक सांगितला, आणि त्यामुळे त्याच्यावरचा विश्वास उलट वाढला. आमच्यासारख्या मुंबईकडून पुण्याकडे निघणाऱ्याला पहिले पैसे बहुधा एक्सप्रेसवेवरच द्यावे लागतात, त्यामुळे हे उत्तर या मंडळींना फुकटात मिळालेलं कवच आहे.

खेड शिवापूरला टॅग वाचला गेला, दांडा वर झाला, आम्ही पुढे. यातली खरी मेख इथे आहे. बनावट पासवाल्याला नाक्यावर कोणी अडवत नाही. टॅग खरा असतो, त्यात पैसे असतात, मशीन नेहमीसारखे पैसे कापतं आणि सोडून देतं. ज्याला मेसेज बघायची सवय नाही, तो महिनोन्‌महिने पास आहे अशा समजुतीत रोज टोल भरत राहील. आमच्या फोनवर मेसेज वाजला आणि बायकोने वाचून दाखवला: पैसे कापले होते. हा तर राष्ट्रीय महामार्ग.

गाडी बाजूला घेऊन पुन्हा फोन. आता सूर बदललेला. म्हणे तुमचं केवायसी अर्धवट आहे, म्हणून पास ‘होल्ड’वर गेलाय. मी लिंक पाठवतो, ते ॲप टाका, पडदा शेअर करा आणि एक रुपया भरा, पाच मिनिटांत कापलेले पैसेही परत येतील. तीन हजार हा नुसता चारा होता. खरा डाव बँक खात्यावर. पडदा शेअर केला असता तर ओटीपीसकट सगळं त्याला दिसलं असतं. मी फोन ठेवला. त्यानंतर त्याच्याकडून एकामागून एक फोन येत राहिले, शेवटी नंबर ब्लॉक केला.

तिथेच ‘राजमार्गयात्रा’ हे प्राधिकरणाचं ॲप उतरवून घेतलं आणि गाडीचा नंबर टाकला. पास दिसण्याऐवजी पास काढण्याचा पर्याय समोर आला. १०३३ या महामार्गाच्या हेल्पलाइनला विचारलं, त्यांनीही या गाडीवर पास नसल्याचं सांगितलं. मग १९३० वर सायबर तक्रार. तिथे यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ, रक्कम लगेच विचारतात, तेव्हा फोन लावायच्या आधी ते समोर काढून ठेवा. पैसे गेल्यावर लगेच तक्रार झाली तर समोरच्या खात्यात रक्कम गोठवता येते. आमच्या बाबतीत मधे दिवस गेले होते, पैसे केव्हाच पुढे सरकले होते. बँकेने हात वर केले: पिन तुम्हीच टाकलात, म्हणजे व्यवहार तुम्हीच मंजूर केलात. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान होत नाही हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम मी पुढे केला, पण तो आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. चिडचिड झाली, तरी त्यांचं म्हणणं नियमाला धरून होतं.

खरा पास मिळतो तो फक्त राजमार्गयात्रा ॲपवर आणि प्राधिकरणाच्या स्वतःच्या वेबसाइटवर. त्याचे एजंट नसतात. नवा स्टिकर येत नाही, कार्ड येत नाही, कुरिअर येत नाही. काचेवरच्या चालू टॅगवरच पास चढतो, आणि साधारण दोन तासांत सुरू होतो. टॅग फक्त चेसिस नंबरवर नोंदवलेला असेल तर आधी गाडीचा नंबर नोंदवून घ्यावा लागतो, पास त्यानंतरच. ‘चेसिस नंबरवरही करून देतो’ असं कोणी म्हणालं की पुढे बोलायचंच नाही. टॅक्सी, टेम्पोवाल्यांना हा पास नाहीच, तरी त्यांनाही विकायचे प्रयत्न होणारच.

गंमत म्हणजे लोक भलत्याच गोष्टीला घाबरून असतात. २०२२ मध्ये गाडीची काच पुसणारा मुलगा मनगटावरच्या घड्याळाने टॅगमधले पैसे काढतो, असा व्हिडिओ फिरला होता. तो खोटा होता. टॅगमधले पैसे नोंदणी झालेल्या नाक्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्याच खात्यात जातात, रस्त्यावरचा कोणी ते ओढू शकत नाही. आमच्या सोसायटीत अजूनही दोघंजण टॅगवर कापड टाकून गाडी लावतात, आणि फोनवर आलेली प्रत्येक लिंक मात्र उघडतात.

आता खरा पास काढला आहे. त्याची मुदत किंवा फेऱ्या संपल्या की टॅग आपोआप पुन्हा साधा होतो आणि पैसे कापू लागतो. पुढचा पास आपण स्वतः काढायचा. म्हणजे ‘तुमचा पास आज संपतोय, या लिंकवर नूतनीकरण करा’ असे मेसेज आता सुरू होतील. त्यातली लिंक उघडू नका. ॲप उघडून शिल्लक फेऱ्या आणि तारीख तिथेच बघा.