नळीत बघायचं राहिलं

फौजेत चोवीस वर्षं काढली. हातात आधी एसएलआर रायफल, मग इन्सास. पेन्शन घेऊन भुदरगडातल्या गावी आलो तेव्हा बंदुकीतलं मला कुणी काही शिकवावं असं मुळीच वाटत नव्हतं. अशा माणसाला कोल्हापुरात एकानं सत्तर हजाराला रायफल विकली आणि ती पहिल्याच दिवशी पन्नास मीटरवर गोळी आडवी टाकायला लागली. ज्यांच्या परवान्यावर दुसरं हत्यार चढवायची मंजुरी आलीय आणि जे जुनी ३१५ बोअरची रायफल शोधतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. बाकीच्यांनी करमणूक म्हणून वाचलं तरी चालेल.

घरात वडिलांची बाराबोअर बंदूक आहे. उसात रानडुकरं घुसली की हवेत एक बार काढायचा, पांगतात. गव्याकडं तर नळी रोखायचीसुद्धा नाही, आणि डुक्कर मारायचं म्हटलं तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार संपली. म्हणजे रायफलीवाचून माझं काही अडलं नव्हतं. हौस होती, दुसरं काही नाही.

३१५ म्हणजे आपल्याकडं ज्याला सगळे शिकारीची रायफल म्हणतात ती. फौजेची ३०३ ची गोळी लोकांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रजांनी खासगी हत्यारांना तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, बंद केला, तेव्हा हा बोअर रुळला. बंगालातल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनते, आतली चाल इंग्रजांच्या जुन्या ली-एनफिल्ड रायफलीची. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा. तो वर उचला, मागं ओढा, पुढं ढकला, खाली दाबा. तो आवाज ज्याला आवडतो त्याला आवडतोच.

ओळखीतल्या एकाकडून कळलं की शहरात एक गृहस्थ विकणार आहेत. जुना बंगला, व्हरांड्यात सांबराची शिंगं, चहा कपबशीतून. गावात आम्हा फौजींना सगळेच मेजर म्हणतात, पण हे 'मेजरसाहेब' म्हणाले, आणि मी तिथंच निम्मा विकला गेलो. "घरात तीन हत्यारं होती, २०१९ ला कायदा बदलला, आता दोनच ठेवता येतात. एक काढायलाच पाहिजे. तुमच्यासारख्याच्या हातात गेली तर बरं वाटंल." कायद्याचं खरंच होतं, म्हणून पुढचंही खरं वाटलं. पुढचं म्हणजे, ही रायफल कोल्हापूर संस्थानच्या राजाराम महाराजांच्या शिकारखान्यातली, दाजीपूरच्या रानात फिरलेली. न्यू पॅलेसच्या संग्रहालयातले पेंढा भरलेले वाघ लहानपणी बघितलेल्या माणसाला असल्या गोष्टी ऐकताना अंगावर काटा येतो. मला आला.

त्यांनी रायफल हातात दिली. लाकूड आरशासारखं, लोखंडावर निळसर काळी झाक, आणि बोल्ट लोण्यासारखा सरकत होता. नळीत बघायला गेलो तर आत ग्रीसच ग्रीस. "पावसाळ्यात गंज नको म्हणून भरून ठेवलंय, पुसायला बसलो तर तास जाईल," असं म्हणाले. मीही मान डोलावली. चोवीस वर्षं 'जाँच शस्त्र' हा हत्यार तपासणीचा हुकूम झाल्यावर उस्तादानं नळीत डोळा घातल्याशिवाय परेड सुटली नाही, आणि इथं कुणी हुकूम दिला नाही म्हणून मी बघितलं नाही. फौजेत हत्यार खराब असेल तर आर्मरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री, बघून घेतो. ती सवय अंगात इतकी मुरलेली की हातात आलेलं हत्यार कुणीतरी आधीच तपासलंय असंच धरून चाललो.

वीस हजार विसार दिला. विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवायचं, कोण घेतोय ते लिहायचं आणि ४५ दिवस थांबायचं, असा नियम आहे. ते त्यांनी चोख केलं. त्या दीड महिन्यात दोनदा फोन आला, ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागतील, आचारसंहिता आली की हत्यारं ठाण्यात जमा, त्याच्या आत उरकूया. ही घाई माझ्या डोक्यात भरली.

ताबा घेतला त्या दिवशी बोल्ट पुढं जाताना जरा अडखळला. "थंडीनं ग्रीस थिजलंय." बरं. उरलेले पन्नास हजार रोख दिले, आणि पावती त्यांच्या सांगण्यावरून पंचवीस हजारांचीच झाली. पावतीवर एक ओळ छापून आणलेली होती, 'हत्यार तपासून, पसंत करून घेतले.' त्याखाली माझी सही, ठसठशीत. कार्यालयात बोअर आणि नंबर बघून परवान्यावर नोंद झाली. नळी चांगली की सडकी हे बघणं त्यांचं काम नव्हे, आणि बोल्टवर वेगळा नंबर असतो हे त्या टेबलावर कुणी विचारतही नाही.

ओळखीनं एका क्लबच्या रेंजवर रीतसर पाच गोळ्या काढल्या. कागद आणायला गेलो तर पाचांतली दोनच भोकं कागदावर, आणि तीही गोल नव्हती. किल्लीच्या भोकासारखी लांबट. गोळी फिरत न जाता कोलांट्या घेत गेली की असं होतं. मग रिकाम्या पुंगळ्या उचलल्या. बुडाच्या जरा वर प्रत्येकीला चकचकीत गोल रेघ पडलेली, एकीला तिथं बारीक चीर. ती बघून मात्र पोटात गोळा आला. उरलेली काडतुसं तशीच खिशात घालून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी परवानाधारक दुकानात जुन्या कारागिराकडं गेलो. वय सत्तरीच्या पुढं, चष्म्याला दोरी. काही न विचारता त्यांनी बोल्ट काढून बाजूला ठेवला, पुलथ्रूला, म्हणजे नळी साफ करायच्या दोरीला, पांढरी चिंदी लावून नळीतून तीनदा ओढली. पहिली चिंदी काळी आली, दुसरी तांबूस, तिसरीही तांबूसच. मग मागच्या बाजूनं नळी खिडकीकडं धरून मला म्हणाले, "बघा की, मेजर." आत पिळाच्या खाचा घोटीव दिसायला पाहिजेत. मला दिसला देवीचे व्रण असलेला चेहरा. तोंडाकडं तर खाचा जवळजवळ नाहीतच. कधीतरी पाणी गेलंय, वर्षानुवर्षं गंज खाल्लाय, वरून पॉलिश मारलंय, असं त्यांनी सांगितलं.

मग बोल्ट उचलला. मुठीच्या मागच्या अंगाला बारीक आकडे असतात, ते भिंगाखाली धरले. रायफलीच्या अंगावर शेवटी ४७. बोल्टवर ८२. "बोल्ट सवतीचा हाय," ते म्हणाले. नळीत काडतूस नीट दाबून बसवायचं काम बोल्टचं. दुसऱ्या रायफलीचा घातला की मधे फट राहते, बार निघाला की पितळ ताणतं, रेघ पडते, आणि एखाद दिवशी पुंगळी तुटून गॅस तोंडावर येतो. माझा अंदाज असा की घरात राहिलेल्या दोनपैकी एकीचा बोल्ट खराब होता. विकायच्या रायफलीचा चांगला बोल्ट तिकडं गेला, तिकडचा इकडं आला. पहिल्या दिवशी लोण्यासारखा सरकला तो खरा होता. ४५ दिवसांची मुदत कायद्यानं पोलिसांसाठी ठेवलीय, वापरली त्यांनी.

लाकूड उतरवलं तर मागच्या जोडात चीर, डिंकानं भरून घासलेली. आणि बाजूच्या लोखंडावर अशोकस्तंभाचा छोटा शिक्का. मी तो आधीही बघितला होता, पण डोक्यात शिरला नव्हता. राजाराम महाराज १९४० ला गेले. अशोकस्तंभ सरकारी चिन्ह झाला १९५० ला.

बंगल्यावर गेलो. या वेळी चहा नव्हता. "तपासून घेतलीसा की. सही कुणाची हाय?" नातू दारात उभा राहून बघत होता, म्हणून मी आवाज चढवला नाही. वकिलाकडं कागद नेला, त्यांनीही ती एक ओळ आणि पंचवीस हजारांचा आकडा वाचून चष्मा काढून ठेवला. बोल्टचा नंबर पहिल्या भेटीत लिहून घेतला असता, पावतीत घातला असता, पैसे बँकेतून गेले असते, तर तोंड उघडायला जागा होती. आणि ताबा घेण्याआधी पाचशे रुपये देऊन त्याच कारागिराला सोबत नेलं असतं तर हे काहीच झालं नसतं.

रायफल सध्या दुकानात जमा आहे, दर महिन्याला भाडं भरतोय. बायको दर वेळी विचारते, किती झालं आजवर. मी सांगत नाही. परवा एक पोरगा बघायला आला होता, नवीन परवाना, डोळ्यांत तीच चमक. मी बोल्ट काढून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, आधी नंबर वाच, मग नळी उजेडाकडं धर. त्यानं बघितलं, बोल्ट काउंटरवर ठेवला आणि पायऱ्या उतरून गेला.