मजुरी माफ, चांदी गायब

चिठ्ठीवर 'पायल जोड, 162 ग्रॅम, 16,200 रुपये' एवढंच लिहिलेलं होतं. दुकानाचं नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही आणि मुख्य म्हणजे टंच नाही. शंभर भागांत चांदी किती, हा आकडाच नसेल तर त्या कागदाला रद्दीइतकीच किंमत.

2025च्या मे महिन्यातली गोष्ट. चांदी किलोला लाखाच्या आसपास होती आणि भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. पुण्यात एका मंगल कार्यालयात दागिन्यांचं प्रदर्शन लागलं होतं. 'थेट हुपरीहून, कारखान्याच्या भावात, मजुरी माफ' असा फलक. हुपरी म्हटलं की कोल्हापूरकडच्या माणसाला वेगळं काही सांगावं लागत नाही. हातकणंगले तालुक्यातल्या या गावात घरोघरी चांदीचं काम चालतं आणि तिथले पैंजण देशभर जातात. या नावावर गिऱ्हाईक निम्मं तयारच होतं. तो माणूस खरंच हुपरीचा होता की नाही, देव जाणे.

बोलायला मात्र गोड. "ताई, खात्री करून घ्या," म्हणत त्याने स्वतःच लोहचुंबक काढलं. पैंजण चिकटले नाहीत. मग फाशावरचा, म्हणजे पैंजण अडकवायच्या कडीवरचा, '92.5' हा ठसा भिंगातून दाखवला. आजूबाजूच्या चार बायका माना डोलावत होत्या. लोहचुंबकाची ही परीक्षा म्हणजे निव्वळ नाटक असतं. चुंबकाला चांदी चिकटत नाही हे खरं, पण तांबं, पितळ, जस्त, गिलट (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) यांतलं काहीच चिकटत नाही. लोखंडासारखे मोजके धातूच पकडले जातात, आणि लोखंडाचे पैंजण विकण्याइतकं मूर्ख कोणी नसतं. ठशाचंही तसंच. नुसता आकडा कोणीही ठोकू शकतो. हॉलमार्कमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या अधिकृत ठशात, भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह असावं लागतं.

निघताना त्याने काळजी कशी घ्यायची तेही समजावलं. पाणी लावू नका, पावडरीने घासू नका, फक्त मऊ कापडाने पुसा. तेव्हा वाटलं, किती आपुलकीने सांगतोय! आता कळतंय की तो मुलामा जपायला सांगत होता. भरीव चांदी हवेतल्या गंधकाने काळी पडते, आणि रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने घासली की बऱ्यापैकी उजळते. आपल्या आज्यांच्या तोरड्या जन्मभर पायात राहिल्या, त्या पाण्याला कधी घाबरल्या नाहीत. मीना किंवा चिकटवलेले खडे असतील तर पाणी जपून वापरावं हे ठीक. पण साध्या साखळीच्या पैंजणाला विक्रेता पाणीच लावू नका म्हणत असेल, तर तिथेच कान टवकारायला हवेत.

पावसाळ्यात भाचीच्या घोट्याभोवती खाज सुटली, मग लाल चट्टे उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी आधी पैंजण काढायला लावले आणि निकेलची अ‍ॅलर्जी दिसते म्हणाले. "मावशी, चांदीत निकेल कुठून आलं?" हा तिचा प्रश्न. कातडीवर नुसता हिरवट डाग पडला असता तर मी एवढं मनावर घेतलं नसतं, कारण 92.5च्या चांदीतही थोडं तांबं असतं आणि घामाने तसं होऊ शकतं. चट्ट्यांचं प्रकरण वेगळं होतं.

ओळखीच्या सराफांकडे गेलो. यंत्राखाली धरल्यावर आकडा ऐंशीच्या पुढे आला आणि क्षणभर मला हायसं वाटलं. ते म्हणाले, "थांबा, हे यंत्र वरचा थरच वाचतं." त्यांनी कानशीने एक कडी घासली. आत तांबूस. घुंगरू घासले तर आत गिलट, म्हणजे तांबं, जस्त आणि निकेल. साखळी आणि घुंगरू वेगळे करून तपासल्यावर हिशोब लागला: 110 ग्रॅमची साखळी 55 टंचाची आणि 52 ग्रॅम घुंगरांत चांदी नावालाही नाही. 162 ग्रॅमचे पैसे मोजून हातात जेमतेम 60 ग्रॅम चांदी. फासा तेवढा अस्सल होता, कारण भिंग तिथेच लावायचं होतं. 'मजुरी माफ'चं गणितही उलगडलं. गिलटाला चांदीचा भाव मिळाला की मजुरी कशाला हवी?

इथे कारागिरांवर अन्याय नको. कमी टंचाचे पैंजण करणं ही काही लबाडी नाही. शुद्ध चांदी मऊ, रोज पायाची ओढ सोसायची तर तिच्यात दुसरा धातू घालावाच लागतो, आणि कड्या जोडायच्या झाळीनेही टंच उतरतो. 70 टंचाचा माल 70 टंच म्हणून, त्याच हिशोबाने विकला तर तक्रार कसली? चोरी आहे ती 55 टंचाला पूर्ण चांदीचा भाव लावण्यात. नावाजलेल्या पेढ्यांतही हा प्रकार सौम्य रूपात चालतो, असं माझं मत आहे: घेताना सगळं वजन एका भावाने आणि मोडीला गेलं की अचानक टंच आठवतो.

म्हणून पैंजण, वाळे, जोडवी काहीही घ्या, टंच बिलावर लिहून मागा. खडे आणि मीना यांचं वजन वेगळं लिहायला लावा आणि मोडीला किती टक्के धरणार तेही विचारा. चांदीचं हॉलमार्किंग अजून ऐच्छिक आहे, त्यामुळे 'आमच्याकडे नाही' असं उत्तर मिळू शकतं. पण 1 सप्टेंबर 2025पासून हॉलमार्कच्या चांदीवरही एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा सहा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, येतो आणि तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. दुकानदाराच्या फोनवर नको, आपल्या फोनवर तपासा. बारशाच्या वाळ्यांबाबत तर मी हट्टच धरीन, कारण बाळ ते तोंडात घालतं.

आमचे पैसे परत आले नाहीत. विक्रेत्याचा फोन बंद. कार्यालयाचे व्यवस्थापक म्हणाले, आम्ही फक्त हॉल भाड्याने देतो. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण तक्रार कोणाविरुद्ध, या रकान्यात लिहायला आमच्याकडे नावच नव्हतं. भाचीने नंतर सराफांकडूनच बारीक साखळीचे, घुंगरू नसलेले पैंजण घेतले. वजन आधीच्या निम्म्याहून कमी, पण बिलावर 92.5 आणि एचयूआयडी दोन्ही आहेत. चट्टे पुन्हा उठलेले नाहीत.