लिटल नॅवमॅप : सिम्युलेटरचीच माहिती वाचणारा नकाशा

घरच्या संगणकावरील विमान-सिम्युलेटरमधल्या उड्डाणांची आखणी मी काही वर्षांपासून ‘लिटल नॅवमॅप’वर करतो. हा मोफत आणि मुक्तस्रोत प्रोग्राम मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर व एक्स-प्लेन या दोन्हींशी जोडता येतो. विमानतळ, धावपट्ट्या, आयएलएस (धावपट्टीवर उतरायला मार्ग दाखवणारी रेडिओ यंत्रणा) आणि वेपॉइंट (मार्गावरचे ठरलेले बिंदू) यांची माहिती तो सिम्युलेटरमधूनच वाचून घेत असल्यामुळे नकाशावर दिसणारी धावपट्टी आणि कॉकपिटच्या काचेतून दिसणारी धावपट्टी यांत तफावत राहत नाही.

या मेळाचे मोल मला स्वतःच्याच आळशीपणामुळे कळले. वर्षभरापूर्वी जतन केलेला मार्ग मी बोइंगच्या एफएमसीमध्ये, म्हणजे विमानातल्या मार्ग-संगणकात, जसाच्या तसा टंकू लागलो आणि खालच्या ओळीत ‘नॉट इन डेटाबेस’ अशी अक्षरे उमटली. दिशादर्शनाची माहिती दर 28 दिवसांनी एअरॅक सायकल या ठरलेल्या वेळापत्रकानुसार नवी होते. एखाद्या एसआयडीत (उड्डाणानंतर विमानतळाबाहेर पडण्याच्या ठरीव मार्गात) बदल झाला की तिच्या नावातला आकडा पुढे सरकतो, त्यामुळे काल ‘वन अल्फा’ असलेली प्रक्रिया आज ‘टू अल्फा’ म्हणून शोधावी लागते. असा जुना मार्ग लिटल नॅवमॅपमध्ये उघडला, तर न सापडलेला बिंदू इंजिन सुरू करण्याआधीच लाल अक्षरांत समोर येतो.

मला सर्वाधिक उपयोगी पडतो तो नकाशाखालचा उंचीचा छेद, म्हणजे मार्ग आणि त्याखालची जमीन यांचे बाजूने दिसणारे चित्र. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा विमानतळ 1,907 फुटांवर आहे आणि दोन्ही बाजूंना आल्प्स उभे आहेत. तिथे उतरण कुठून सुरू करायची आणि मार्गरेषा कोणत्या कड्याच्या किती जवळून जाते, हे त्या छेदात एका दृष्टिक्षेपात कळते. अचूक छेदासाठी भूभागाच्या उंचीची विदा वेगळी उतरवून घ्यावी लागते, पण तेवढा खटाटोप जरूर करावा.

इंधनाचा हिशेब विमानाच्या कामगिरीच्या फाइलवर चालतो, आणि प्रत्यक्ष उडताना नोंदलेल्या खर्चावरून ती फाइल सुधारताही येते. लहान विमानांना हे पुरेसे आहे. प्रवासी जेटसाठी मात्र मी ‘सिमब्रीफ’ या उड्डाण आखणीच्या संकेतस्थळाकडे वळतो, कारण पर्यायी विमानतळ, राखीव इंधन, वजने आणि वारे धरून तिथे मिळणारा तपशीलवार उड्डाण आराखडा विमान कंपनीच्या कागदासारखा असतो. सिमब्रीफ मोफत आहे, पण ताजी एअरॅक सायकल हवी असल्यास दिशादर्शनाची माहिती पुरवणाऱ्या ‘नॅव्हिग्राफ’ची वर्गणी भरावी लागते. त्याच वर्गणीत जेपसन कंपनीचे चार्टही (वैमानिकांचे तपशीलवार नकाशे) मिळतात, आणि ही उणीव लिटल नॅवमॅपमध्ये खरोखर जाणवते: अप्रोचची, म्हणजे उतरण्याच्या मार्गाची, रेषा तो नकाशावर काढून देतो, पण चार्टवरच्या टिपा आणि मिनिमा (उतरण्यासाठीच्या किमान मर्यादा) त्यात नसतात.

दिसायला हा प्रोग्राम अगदी गजबजलेला आहे. टूलबारवर चिन्हांची इतकी दाटी आहे की पहिल्या दिवशी निम्मी चिन्हे बंद करून ठेवलेलीच बरी. सिम्युलेटरमध्ये नवी सीनरी (विमानतळ वा परिसराचे जादा दृश्य) बसवल्यावर तिथली लायब्ररी पुन्हा वाचून घ्यावी लागते. ते विसरले की नकाशावर जुनाच विमानतळ दिसत राहतो. याउलट, त्यात अंगभूत असलेल्या वेब सर्व्हरमुळे तोच नकाशा टॅबलेटच्या ब्राउझरमध्ये उघडता येतो. माझा टॅबलेट आता थ्रॉटलशेजारीच असतो आणि मुख्य पडदा संपूर्णपणे कॉकपिटसाठी मोकळा राहतो.