जुनी फायबर बोट घेताय? थांबा, माझे ८६,९०० गेलेत

नाथसागराच्या बॅकवॉटरला आमचं शेत आहे, तिथं एक जुनी फायबरची होडी घ्यायची अन् घरीच दुरुस्त करायची असं ठरवलं होतं. हायवेलगतच्या एका गोडाऊनवाल्याकडून १४ फुटी बोट घेतली. बोटीचे ६२,००० (१५,००० यूपीआयनं, ४७,००० रोख), "दुरुस्तीचं सगळं सामान" म्हणून रेझिन (फायबर बनवायचा चिकट द्रव), मॅट (काचतंतूंची चादर) अन् हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) यांचे १८,४००, पिकअपचं भाडं ६,५००.

मागची फळी, इंजिन जिथं कसतात तो ट्रान्सम, मी घेण्याआधीच नाण्यानं वाजवून बघितला होता. बाकी बोट टणटण, अन् तिथं भद्द. लगेच विचारलं, तर म्हणतो "दादा, आत फोम भरलेला असतो, बोट बुडू नये म्हणून, आवाज तसाच येणार." आता फोम भरतात हे खरंच आहे हो, मी व्हिडिओत बघितलं होतं, म्हणून तर पटलं! पण फोम सीटखाली नाहीतर तळात असतो, ट्रान्सममध्ये बहुतेक प्लायवूड असतं कारण इंजिनाचा सगळा जोर त्याच्यावर येतो. स्क्रूभोवती ताजं सिलिकॉन, सगळ्या बोटीला जुना रंग अन् मागची बाजूच तेवढी चकचकीत. त्या एका मिनिटाचा आजही संताप होतो. पण पहिल्यांदा बोट घेणाऱ्याला हे कोण सांगणार? आमच्याकडं काय गल्लोगल्ली बोटीचे मिस्त्री आहेत का?

घरी ड्रिल मारलं तर चहाच्या चोथ्यासारखा काळा ओला भुसा बाहेर आला. वरून नुसती गाडीची पुट्टी थापलेली.

रेझिनचीही तीच गत. डब्यावर लेबल नाही, तारीख नाही. किलोला १५ ग्रॅम हार्डनर मोजून टाकला, आमच्या उन्हात ते तासाभरात कडक व्हायला पाहिजे, दुसऱ्या दिवशी सकाळी नख रुततंय. फोन केला तर "वरून चिकट राहतंच, हवा लागते ना". हेबी अर्धं खरं, वरचा पापुद्रा चिकट राहतो, पण आतपर्यंत लगदा? सामान घेताना दुकानातच कपात १०० ग्रॅम रेझिनला हार्डनर टाकून कडक होतंय का बघा. अन् कोबाल्ट (रेझिन लवकर कडक व्हायला टाकतात तो) वेगळा दिला असेल तर तो अन् हार्डनर थेट एकत्र कधीच करू नका, भडका उडतो.

पोलिसांत गेलो तर "हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा". पावती कुठंय? बोटीचे कागद कुठंयत? अरे, पावती दिली असती तर तो फसवायला बसला असता का! १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाईन) फोन लावला तर म्हणे माल बघून घेतलाय, ऑनलाईन फ्रॉड नाही. ग्राहक मंचातबी आधी बिलच मागितलं. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब राउंडला, साहेब बंदोबस्ताला, अन् अर्जाची पोच मागितली की सगळे असे बघतात जसा मीच चोर आहे. कुजलेलं प्लाय लपवून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? बीएनएस ३१८ (भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम) कशासाठी आहे मग? शेवटी एका वकिलानं सांगितलं, ठाण्यात घेत नसतील तर बीएनएसएस (नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३(४) खाली एसपींना लेखी पोस्टानं पाठवा. रजिस्टर्ड पोस्टानं पाठवलंय.

रोख देऊ नका. व्हॉट्सॲप चॅट डिलीट करू नका, माझ्याकडं तेवढाच पुरावा उरलाय.

त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, दुसरी बोट, "फ्रेश पेंट, रेडी टू यूज". जाणार असाल तर ४ एमएमचं ड्रिल सोबत न्या अन् ट्रान्सममध्ये आतून खाली एक भोक पाडू द्या म्हणा. नाही म्हणाला तर तिथूनच गाडी वळवा.