हायड्रोजनमिश्रित गॅससाठी एक्स-52 घ्यावं की एक्स-70?

एक्स-52 आणि एक्स-70 हे पाइपच्या पोलादाचे ग्रेड; आकडा मोठा तितकं पोलाद मजबूत. नव्या पाइपलाइनसाठी एक्स-70 सुचवला जातो, कारण पाइपची भिंत पातळ आणि स्टील कमी. साध्या नैसर्गिक वायूला हे पटतं: त्याच दाबाला एक्स-52 च्या तुलनेत साधारण 26% स्टील वाचतं.

मिश्रणात हायड्रोजन 10% च्या पुढे जाणार असेल, तर हायड्रोजन पाइपलाइनसाठीच्या एएसएमई बी31.12 या अमेरिकी नियमावलीतला सोपा मार्ग एक्स-70 च्या धरलेल्या ताकदीला सुमारे 0.78 चा गुणक लावतो. मग बचत जेमतेम 5% उरते. दुसऱ्या मार्गात हा गुणक टळतो, पण हायड्रोजनमध्ये चाचण्या करून पोलादाचा चिवटपणा सिद्ध करावा लागतो.

खरी गोम वेल्डमध्ये आहे. हायड्रोजनचे अणू भेगेच्या टोकाशी जमतात आणि दाबाच्या प्रत्येक चढउतारात भेग पुढे सरकते, हवेतल्यापेक्षा दहापट वेगानेही. हा वेग दोन्ही ग्रेडमध्ये जवळपास सारखाच! म्हणून वेल्डचा कठीणपणा तपासाच. 250 विकर्सच्या (कठीणपणाचं एकक) वरची जागा मला कधीच चालणार नाही. एक्स-52 मध्ये तो आटोक्यात ठेवणं सोपं.

मध्यम दाब, रोजचे चढउतार, वाढतं मिश्रण: एक्स-52. मोठा व्यास, लांब अंतर, स्थिर दाब आणि चाचण्यांचा खर्च परवडणारा: एक्स-70.