वायफाय टॅबलेट: बाकी छान, पण लोकेशनसाठी घेऊ नका

मुलीकडे असावा म्हणून हा फक्त वायफायवर चालणारा टॅबलेट घेतला. आठ महिने झाले. स्क्रीन सुरेख, बॅटरी दिवसभर पुरते. पण ‘डिव्हाइस शोधा’ या सोयीने मला रडवलं.

घर बदललं त्या आठवड्यात टॅबलेट माझ्या समोर टेबलावर, आणि नकाशावरचा निळा ठिपका जुन्याच घरावर! कारण नंतर उमगलं. यात जीपीएस चिपच नाही. आसपासच्या राउटरची ओळख, कोणता राउटर कुठे आहे याच्या कंपनीच्या नोंदींशी ताडून तो जागा ठरवतो. राउटर आम्ही सोबत आणला. नोंद जुनीच राहिली. आजूबाजूला नोंदीतले राउटर नसले, तर आयपी पत्त्यावरून (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) अंदाज, म्हणजे फार तर शहर कळणार. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस साधारण ५ मीटरपर्यंत नेमकं सांगतं, हा फरक लहान नाही. शिवाय वायफाय सुटलं की ठिपका शेवटच्या जागी गोठतो. मुलगी रस्त्यात असताना नेमकं तेच होतं.

अभ्यासाला, व्हिडिओला जरूर घ्या. मुलांवर लक्ष ठेवायचं असेल तर सिमवालं मॉडेल बघा, आणि त्यात जीपीएस आहे ना, हे आधी तपासा. खोक्यावर हे ठळक छापायला हवं होतं.